कपाटातलीचा फोन

ऑफिसात तिला सगळे देणगीवाली म्हणत, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्या मुलांनी ज्या नंबरावर फोन करायचा, तो नंबर चालू ठेवायला पैसे लागतात, आणि ते कुणाच्या तरी खिशातून गोडीगुलाबीनं काढावे लागतात. ती गोडीगुलाबी हे तिचं खातं. "तुम्ही बोलायला लागलात की माझा हात आपोआप खिशाकडे जातो," असं एक दातांचे डॉक्टर तिला म्हणाले होते. ती म्हणाली, "आणि तुम्ही बोलायला लागलात की माझा गालाकडे." त्या वर्षी डॉक्टरांनी दुप्पट दिले.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल, हेडसरांचं टेबल आणि चहाची किटली. आतल्या खोलीत मुलांचा फोन. मधल्या दाराला खाली रबराची पट्टी ठोकलेली, आतला शब्द बाहेर सांडू नये म्हणून. हेडसर संस्थेचे प्रमुख. पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होते. शाळा सुटली, पण आवाजातली घंटा सुटली नव्हती. आणि आतल्या खोलीत दुपारभर बसायची ती मावशी. फोन करणारी पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून सगळं ऑफिसही म्हणे. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं, आणि तेव्हा तीसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघायची.

एके काळी आत तिन्ही पाळ्या चालत. रात्रीची आधी गेली, मग सकाळची. आता दुपारची तेवढी उरली होती. हिवाळा सरेपर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर तीही बंद करावी लागेल, असं हेडसरांनी सांगून ठेवलं होतं. दुपार म्हणजे शाळा सुटल्यापासून घरची मोठी माणसं परत येईपर्यंतचा वेळ. अशा पोरांना बोलायला सापडते ती तेवढीच फट.

त्या फटीतून कपाटातली फोन करायची.

हे नाव मावशीनं ठेवलेलं. मुलीनं आपलं नाव सांगितलं नव्हतं. फोन कुठून आला हे आतल्या यंत्रावर दिसत नसे. ते मुद्दाम तसं केलेलं. दिसत असतं तर पोरं बोललीच नसती. पण त्यामुळे तिनं स्वतःच्या तोंडानं पत्ता सांगेपर्यंत कुणाला तिच्या दारात जाता येत नव्हतं. मावशी त्या पत्त्यासाठी थांबली होती. कोंबडी अंड्यावर बसते तशी, हलायचं नाही, घाई करायची नाही.

आतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम. मावशीनं तो वर्षानुवर्षं पाळला होता. त्या थंडीत मात्र तिला तो पेलवेना. चहाच्या वेळी कप दोन्ही हातांत धरून ती देणगीवालीसमोर येऊन बसली.

"आज बोलली गं."

"मावशी, मला सांगू नका. नियम आहे."

"मग कुणाला सांगू? घरी एक मांजर आहे. ते ऐकतं, पण अर्ध्यातून उठून जातं."

देणगीवाली हसली, आणि हसलेल्या माणसाला मग ऐकावंच लागतं.

मुलगी कपाटात बसून फोन करायची. आई गेली त्याला दोन हिवाळे झाले होते, पण आईचा लांब कोट अजून कपाटात टांगलेला होता. दार आतून ओढून घ्यायचं, कोट अंगावर घ्यायचा, सगळी बटणं लावायची आणि शेवटचं लागलं की बोलायला सुरुवात. त्याआधी एक शब्द नाही. मावशी फोन धरून नुसती थांबायची; पलीकडून टिक, टिक असा नखाचा आवाज. "मी विचारलं, अगं, एवढा वेळ का लागतो? तर म्हणाली, मी खालून लावते. वरून लावली की शेवटी एक उरतं आणि सगळी परत काढायला लागतात. आई म्हणायची, खालून लाव, म्हणजे चुकत नाही. आणि मग मला म्हणाली, मावशी, तुम्हीपण खालून लावत जा." मावशीनं चहाकडे पाहिलं. चहा निवून गेला होता. "शाळेत पूर्ण बाह्यांचं घालून जाते. उन्हाळ्यातसुद्धा."

"कोण मारतं?"

"बापच. त्याला ती 'ते' म्हणते. ते आले, ते झोपले, ते चिडले."

पुढच्या काही दिवसांत मुलगी थोडी थोडी उलगडत गेली. त्यांच्या घराखाली लाकूड कापायचं मशीन चालतं. दार हिरवं आहे. शाळेला जाताना पूल लागतो. "शाळेचं नाव सांगू का?" असं एकदा तिनं आपणहून विचारलं, आणि मग म्हणाली, "उद्या सांगते." मावशी त्या दिवशी बाहेर आली ती लग्नघरातल्या वरमाईसारखी. तेवढ्यात पलीकडे किल्ली वाजली म्हणून फोन ठेवला गेला, पण उद्या म्हणाली ना ती. उद्या.

आता देणगीवालीचं ऐका. तिची आई शिवणकाम करायची आणि मशीनच्या ठेक्यावर यमकं जुळवायची. कॉलर उलटी लागली तरी त्यावर ओळ तयार. तो वसा लेकीकडे आलेला. देणगीची पत्रकं ती गद्यात लिहायची, पण शहरातल्या रेडिओनं फुकट वेळ देऊ केला तेव्हा तिच्या मनात आलं, गद्याला लोक कान देत नाहीत. त्या रात्री, पोळ्या लाटता लाटता नव्हे, तर भांडी विसळताना, ओळी आपसूक आल्या:

लाव रे बटण, खालून वरती,
एकही मागुती उरेल ना.
अंधाराचं दार लागलेलं, बाळा,
तरी तुझा गळा कोणी ऐके.

खाली साध्या बोलीत दोन वाक्यं: हा ऐकणारा कोणी जागेवर राहावा म्हणून मदत करा. आणि दोन नंबर, एक देणगीचा, एक मुलांच्या फोनचा.

तिनं नियम मोडला असं कुणी म्हणू शकलं नसतं. नियम असा होता की गोष्ट वापरायची तर नाव, गाव, वय, मुलगा-मुलगी सगळं बदलायचं. तिनं मुलीचा मुलगा केला. कोट काढून टाकला, कपाट काढून टाकलं, आई काढून टाकली. बटणं ठेवली. बटणं तर सगळ्या जगाला असतात. खालून लावायची एवढीशी युक्ती, ती कुणाच्या मालकीची असणार? आणि खरं सांगायचं तर त्या एका ओळीवर सगळं गाणं उभं होतं. ती काढली असती तर बाकीचं दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखं घसरून पडलं असतं.

रेडिओवर जाण्याआधी मजकूर आतल्या खोलीला दाखवायचा, हाही नियम. मावशीनं तो वाचला. डोळे पुसले. "बटणं राहू देत?" देणगीवालीनं विचारलं.

"राहू देत," मावशी म्हणाली. "छान आलंय गं. तिला कधीतरी म्हणून दाखवीन."

रेडिओवर देणगीवालीनं स्वतःच्याच आवाजात ते म्हटलं. पहिल्याच सकाळी बाहेरच्या खोलीतला फोन जो वाजायला लागला तो थांबेना. दातांचे डॉक्टर आले ते चिल्लर नव्हे, चेक घेऊन. हेडसर उठून तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, आज तुम्हाला दहापैकी दहा." आई संध्याकाळी म्हणाली, "खालच्या दुकानात तुझंच चाललं होतं. मी म्हटलं, ही माझी मुलगी. तर दुकानदार म्हणतो, मग आजी, आज बटाटे फुकट. मी घेतले नाहीत. एकच घेतला."

पण त्याआधी, त्याच दुपारी, आतला फोन वाजला. मावशीनं उचलला. नखाचा आवाज आला नाही, टिक टिक आली नाही. मुलगी एकदम बोलली.

"मावशी, तुम्ही रेडिओला सांगितलं."

मावशी म्हणाली, "बाळ, ऐक..."

"आमच्याकडे सकाळी रेडिओ असतो. ते दाढी करत होते. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. आई मला रोज तसंच म्हणायची ना, त्यांच्यासमोर." श्वास घ्यायचा आवाज. "कोट नाहीये आता. कपाटाला कुलूप आहे. मी बाहेरून बोलतेय."

"बाहेरून म्हणजे कुठून? बाळ, कुठे आहेस तू? शाळेचं नाव..."

"तुम्ही तेपण सांगाल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रागानं आपटला नाही. हळूच ठेवला, शिकवलेलं असतं तसा.

मावशी बाहेर आली आणि देणगीवालीच्या टेबलासमोर उभी राहिली. बाहेरचा फोन वाजत होता. दोघींपैकी कुणी तो उचलला नाही.

त्यानंतर कपाटातलीचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मावशी जेवणाचा डबा फोनशेजारी ठेवून जेवायची, बाथरूमला जाताना दार उघडं टाकायची. मुलांच्या सरकारी खात्यातल्या अधिकारी बाईंना तिनं सगळं सांगितलं. बाई भल्या होत्या, पेन उघडून बसल्या. नाव? माहीत नाही. वय? आठ असेल, नऊ असेल. पत्ता? खाली लाकूड कापायचं मशीन, हिरवं दार, वाटेत पूल. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ताई, मला तुमचं कळतं," त्या म्हणाल्या, "पण मी कुठल्या दारावर हात मारू?"

देणगीवाली हेडसरांकडे गेली. "सर, ते रेडिओवरचं बंद करायला हवं."

"का?"

तिनं का ते सांगितलं. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. बराच वेळ त्यांच्या आवाजात घंटा नव्हती.

"बंद केलं तर पैसे थांबतील," ते म्हणाले. "पैसे थांबले तर दुपारची पाळी बंद. पाळी बंद झाली आणि त्यानंतर त्या मुलीनं फोन केला, तर?"

"आणि चालू ठेवलं तर ती कशाला करेल, सर? रोज सकाळी त्या घरात तेच वाजतंय."

"तेच तर," हेडसर म्हणाले. "मला दोन्ही दिसतंय हो. मला फक्त मधली वाट दिसत नाही."

शेवटी बंद केलं. त्याच्या जागी देणगीवालीनं साधं काहीतरी म्हटलं, ज्यात कुणाचं काहीच नव्हतं. मुलं आपली आहेत, मदत करा, आभारी आहोत. ते म्हणताना तिला स्वतःलाच जांभई येईल की काय अशी भीती वाटली.

आणि ती शोधायला निघाली. लाकूड कापायची मशीनं जिथे जिथे चालत, ती गल्ली ती पालथी घालायची. भुशाचा वास आला की मान वर. हिरवी दारं एवढी असतात हे तिला आयुष्यात प्रथमच कळलं. पोपटी, शेवाळी, बाटलीच्या काचेसारखी, एकेकाळी हिरवी असलेली. नुसतं दार वाजवून काय विचारणार? तुमच्या घरात मार खाणारी मुलगी आहे का? म्हणून तिनं देणगीची पेटी गळ्यात अडकवली. पेटी पाहिली की लोक दार उघडतात, निदान नाही म्हणण्यापुरतं.

पहिल्या दारातली बाई म्हणाली, "काय विकताय?" आणि देणगीवालीनं तोंड उघडताच थबकली. "थांबा, हा आवाज... अहो, बटणवाल्या तुम्ही? अहो ऐका, बटणवाल्या आल्यात." आतून नवरा आला, सासू आली, कडेवरचं मूल आलं. पेटीत नोट पडली.

दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या दारात एक म्हातारे गृहस्थ, त्यांनी तिला ओळी म्हणून दाखवायला लावल्या. तिनं उंबऱ्यापाशी चपलांचे जोड पाहिले, खुंटीवरच्या पिशव्या पाहिल्या, कुठे मुलीचं दप्तर दिसतंय का. एका दारात एक नीटनेटका माणूस उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. त्याच्यामागे खोलीचा एक कोपरा दिसत होता, आणि कोपऱ्यात काही नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मोठी नोट घडी घालून पेटीच्या फटीत सरकवली, म्हणाला, "चांगलं काम करता," आणि दार लावलं. अशी नीटनेटकी माणसं तिला त्या दिवशी कितीतरी दिसली होती. मुलीचा बाप यांतला कोण, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. आवाज ओळखला जात होता तो फक्त तिचा. तिचं पाऊल दारात पडायच्या आधी तिचा आवाज आत जाऊन बसलेला असायचा, आणि जिच्यासाठी ती आली होती ती त्या आवाजापासूनच लपत असणार.

शोधायला गेली आणि देणगी घेऊन आली. पेटी हेडसरांच्या टेबलावर ठेवली तेव्हा ती टेबलावर आपटली, एवढी जड झाली होती.

घरी आई चुलीपाशी गुणगुणत होती. लाव रे बटण, खालून वरती.

"आई, ते म्हणू नकोस."

"का गं? काढून टाकलंत म्हणे. दुकानदार विचारत होता. चांगलं होतं की."

"म्हणूनच," ती म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग नुसतं चमच्यानं ढवळत राहिली.

साध्या निवेदनावर कुणी फोन केला नाही. म्हणजे केला, एका माणसानं केला, तुमचं ते आधीचं कुठे गेलं, हे विचारायला. हिवाळा सरत आला. भिंतीवरची ओल कोरडी पडायला लागली. हेडसरांनी एका सकाळी दोघींना समोर बसवलं आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगितलं की पुढच्या महिन्यापासून आतली खोली बंद. यंत्र परत करावं लागेल. मावशीला त्यांनी दुसरीकडे शब्द टाकतो म्हणून सांगितलं.

 दुपारची वेळ झाली तशी मावशी उठली, आत गेली, रबराच्या पट्टीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं दार उघडलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली.

"ते परत लावा," ती म्हणाली.

देणगीवालीनं मान वर केली. "मावशी, काय बोलताय?"

"रेडिओवरचं. बटणांचं. परत लावा."

"तिला वाटेल आपण..."

"तिला जे वाटायचं ते वाटून झालंय." मावशीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मघाशी एक मुलगा बोलला. माळ्यावरून. त्याला विचारलं, नंबर कुणी सांगितला, तर म्हणाला, गाणं होतं ना आधी, त्यात सांगितलं होतं. त्याचा पत्ता अजून यायचाय. आता ही खोली बंद झाली तर त्याला मी काय सांगू, कपाटातलीसाठी तुला सोडलं?"

"आणि तिनं केला तर फोन?"

"केला तर मी असेन ना इथे. खोली असली तर."

हेडसर खिडकीबाहेर बघत होते. देणगीवालीला वाटलं, हे कुणीतरी तिच्याकडून काढून घ्यावं, हेडसरांनी हुकूम द्यावा, रेडिओवाल्यांनी नाही म्हणावं. कुणी काही म्हटलं नाही. ओळी तिच्या होत्या, आवाज तिचा होता. तिनं रेडिओला फोन लावला. "हो," ती म्हणाली, "तेच. आधीचं. नाही, नवीन रेकॉर्डिंग नको. तेच लावा."

दुसऱ्या सकाळी ते लागलं. शहरात कुठेतरी एका घरात रेडिओ चालू असेल, कुणी ब्लेड हातात धरून थांबलं असेल किंवा थांबलंही नसेल. आता सवय झाली असेल. तिनं ते दिवसभर मनात येऊ दिलं नाही, आणि दिवसभर तेच तिच्या मनात होतं.

बाहेरचा फोन पुन्हा वाजायला लागला. पाळी वाचली. हेडसरांनी दहापैकी काही दिले नाहीत. तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेले, स्वतः ओतलेला. आत मावशी बसलेली. आतला फोन वाजला की ती आधी दाराकडे बघायची. देणगीवाली समोर असली तर उठून दार लावायची, कडी घालायची. पूर्वी ती कडी कधी घातली जात नव्हती. मावशी तिच्यावर रागावली नव्हती. दुपारच्या चहाला तिच्याजवळच बसायची, मांजराचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची. आतलं एक अक्षर नाही.

एकदा दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज सत्तरीतला, दुधावरच्या सायीसारखा.

"मी गाणं ऐकलं हो तुमचं. मला दर महिन्याला काही द्यायचंय, मरेपर्यंत. पण आधी एक सांगा. तो मुलगा खरा आहे का?"

"खरा आहे," देणगीवाली म्हणाली.

"मग पुढे काय झालं त्याचं?"

देणगीदार असं विचारतात. त्याला ठरलेलं उत्तर असतं, ते तिला झोपेत म्हणता येत होतं: आता तो सुखरूप आहे, तुमच्यासारख्यांमुळे. ते उत्तर तोंडापर्यंत आलं. मधल्या दाराची कडी आतून लागलेली होती.

"माहीत नाही, बाई," ती म्हणाली. "त्याचा फोन येत नाही आता."

 बाई विचार करत होत्या. मग त्यांचा आवाज आला तेव्हा त्यात हसू होतं, एखाद्या घाबरलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.

"मग बरा असेल हो. सगळं ठीक झालं की पोरं कशाला फोन करतात? माझी बघा ना."

 बाई थांबल्या होत्या. त्यांना तिच्याकडून एवढंच हवं होतं.

"हो," ती म्हणाली. "बरा असेल."

"बघा. मी म्हटलं नव्हतं? लिहून घ्या माझं नाव."

तिनं कागद पुढे ओढला आणि लिहून घेतलं.